लष्करात राहून मेकॅनिक होता येईल?

प्रश्न : मुलगा दहावी झाला. त्याला गाड्यांच्या कामाची आवड आहे. अग्निवीर होऊन तो हे काम शिकू शकेल का? – एक पालक, सातारा

उत्तर : शिकेल, पण भरती कोणत्या गटात होते ते आधी पाहा. ‘ट्रेड्समन’ या नावावर बरेच पालक फसतात. त्या गटात आचारी, शिंपी, धोबी अशी कामे असतात. इंजिनाला हात लागेलच असे नाही. मुलाला ‘टेक्निकल’ गट हवा. त्यासाठी विज्ञान शाखेची बारावी किंवा दहावीनंतर आयटीआय लागते. माझे मत स्पष्ट आहे : आधी मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा आयटीआय करू द्या. भरती हुकली तरी हातात कसब उरते.

सैन्यात वाहन दुरुस्तीचे मुख्य काम ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) कोअरकडे असते. तिथे अवजड ट्रकचा गिअरबॉक्स उतरवायचा, पुन्हा बसवायचा आणि शेवटी पाना न् पाना मोजून जागेवर ठेवायचा. ही शिस्त गॅरेजमध्ये सहसा लागत नाही. मात्र कोअर कोणती मिळेल, हे सैन्य ठरवते.

सेवा चार वर्षांची, प्रशिक्षण त्यातच. पुढे कायम होतात जास्तीत जास्त 25 टक्के. म्हणून बाहेर पडताना कौशल्य प्रमाणपत्र न विसरता घ्यायला सांगा.