नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे. बारशाला गेलेला माणूस पहिले काम तिथे करतो आणि दुसरे घरी परतल्यावर! प्रस्तुत लेखाचा विषय काल्पनिक लोकांची नावे हा असला, तरी तो समजण्यास ही जोडी फार उपयोगी पडते.

प्रथम थोडी ओळख. 'रोल-प्लेइंग गेम' हा बैठा खेळ आहे. चारपाच जण मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन एखादे अद्भुत जग वर्णन करतो, बाकीचे त्या जगातील एकेक पात्र होऊन बोलतात, आणि संशयाच्या जागी फासे टाकतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. या जगांत माणसांखेरीज इतरही बोलते-चालते लोक असतात, आणि त्यांना नावे द्यावी लागतात. भाषाविज्ञानाचा विद्यार्थी म्हणून म्हणा किंवा हौस म्हणून म्हणा, आमच्या मंडळींत सूत्रधारकी माझ्याकडे असते. त्यामुळे हे काम मजकडेच येते.

नवशिक्याची समजूत अशी असते की नाव जितके विचित्र तितके ते परके वाटेल. मग 'झ्क्रॅथ'सारखी जोडाक्षरे येतात, मध्ये एखादे स्वल्पविरामासारखे चिन्ह लटकते, आणि दुसऱ्या बैठकीपासून सगळे त्या लोकांना 'ते झुरळवाले' म्हणू लागतात. जे नाव तोंडात बसत नाही ते खेळात टिकत नाही. खरे पाहता परकेपणा एकट्या नावात नसतो. तो अनेक नावांतून दिसणाऱ्या नियमात असतो. मराठी शब्द 'ळ'ने सुरू होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवलेले नसते. पण 'ळमण' असे नाव ऐकताच हा गडी आपल्यातला नव्हे, हे पोरही ओळखते. तेव्हा काल्पनिक भाषेला आधी काय वर्ज्य आहे ते ठरवावे, नाव मागाहून करावे.

परंतु ध्वनी जमले तरी निम्मेच काम होते. नाव कोणी ठेवले, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पहिल्या आवृत्तीत टोल्किनचे 'हॉबिट' होते. हक्कदारांनी हरकत घेतल्यावर त्यांच्या जागी 'हाफलिंग' आले. हाफलिंग म्हणजे अर्धुक. पण कोणाच्या अर्धे? स्वतःला कोणी अर्धा म्हणवून घेत नाही; हे उंच शेजाऱ्याने ठेवलेले नाव आहे, म्हणजे नाव ठेवणे आणि नावे ठेवणे दोन्ही एकदमच!

टोल्किन स्वतः भाषाशास्त्रज्ञ, त्यामुळे तो या बाबतीत फार सावध होता. त्याच्या 'सिल्मरिलियन'मध्ये (१९७७) ठेंगू लोक स्वतःला 'खझाद' म्हणतात. एल्फांच्या एका भाषेत हे ध्वनी नाहीत, म्हणून तिथे त्याचे 'हाधोद' होते. आणि त्याच एल्फांचे त्यांच्यासाठी आणखी एक नाव आहे, 'नौग्रिम', म्हणजे खुरटलेले लोक. स्वतःचे नाव, शेजाऱ्याच्या जिभेवर वाकलेले नाव, आणि हिणवण्याचे नाव: या तिन्हींत दोन समाजांचा संबंध आपोआप कळतो, निराळा इतिहास सांगावा लागत नाही.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची जी नावे आहेत ती पाहावीत. वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच, आणि डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक. 'वलंदेज' आणि 'इंग्रज' या शब्दांत पोर्तुगीज उच्चार स्पष्ट ऐकू येतात. कोणाची ओळख आपल्याला कोणाच्या तोंडून झाली, हे त्या शब्दांतच नोंदलेले आहे. 'डिंगमार' तर कोणत्याही कल्पित कथेत शोभावे असे नाव आहे, आणि ते कोणी बसून कल्पिलेले नाही.

या धड्यावरून मी आमच्या खेळासाठी खाडीकाठचे पक्षिमुखी लोक केले. त्यांना चोच आहे, ओठ नाहीत; म्हणून त्यांच्या भाषेत प, फ, ब, भ, म, व हे ध्वनी नाहीत. (पाळलेला पोपट ओठांवाचून 'बाबा' म्हणतो हे मला ठाऊक आहे, पण तो नकलाकार, त्याची ती मातृभाषा नव्हे.) 'इख' म्हणजे परतणे, 'एन' म्हणजे करणारा, 'इल' हे अनेकवचन. दरसाल स्थलांतर करून परत येणारे ते 'इखेनिल'. मैदानातील शेतकऱ्यांना 'ख' येत नाही आणि त्यांचा शब्द स्वरानेच संपतो, म्हणून ते म्हणतात 'इकनीला'. मिठाचे व्यापारी मात्र सरळ 'चोचे' म्हणतात. 'तोश' म्हणजे अंडी उबवणे, एवढेच मी सांगितले होते. त्यावरून एका मैत्रिणीने दाईणींसाठी 'तोशेनिल' हा शब्द आपण होऊन केला. नियम पोचला होता.

एकदा बाजारात एक व्यापारी 'ए चोच्या' म्हणून ओरडला. इखेनिलाचे पात्र घेतलेल्या मित्राने फासे खाली ठेवले आणि विचारले, "आमच्या भाषेत यांना काय म्हणतात?" उत्तर तयार होते: 'लिबलिबीत तोंडाचे'. सगळे हसले, पण त्या संध्याकाळी मिठाचा सौदा झाला नाही, आणि पुढच्या तीन बैठका त्या भांडणावरच चालल्या.

तयार नावे उचलण्याविषयी एक सूचना. १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये 'राक्षस' आणि 'नागा' ही दोन्ही आहेत. राक्षस आपल्या कथांतून जगभर गेला, त्याचे वाईट वाटायचे कारण नाही. नागा मात्र ईशान्य भारतातील जिवंत लोकांचेही नाव आहे; पुस्तकातला नागा मनुष्यमुखी सर्प आहे. मेजावर कोहिमाची एखादी विद्यार्थिनी बसली असेल, तर तो शब्द मी वापरणार नाही. आणि ती बसली नसतानाही वापरत नाही.

या सर्व समूहांना मिळून काय म्हणावे, हाही वादाचा मुद्दा आहे. मूळ खेळात 'रेस' हा शब्द होता. २०२४च्या नियमपुस्तकात त्याऐवजी 'स्पीशीज' आला. मराठीत 'वंश' म्हटले की रक्त आठवते, 'जात' म्हटले की काय आठवते ते सांगायला नको, आणि 'प्रजाती' हा प्राणिशास्त्राच्या तासाचा शब्द आहे. आमच्या वहीत आम्ही नुसते 'लोक' लिहितो: खाडीचे लोक, डोंगराचे लोक. त्यापुढे कंसात त्यांचे स्वतःचे नाव येते, आणि शेजारी काय म्हणतात ते समासात, पेन्सिलीने.