हातमोजे पारखून घ्या

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात हिरड्याची झाडे पुष्कळ. हिरडा गोळा करून माणूस घरी आला की बोटांवर डाग दिसतात. डाग दिसतात, म्हणून तो हात धुतो. रोगाचे जंतू डाग पाडीत नाहीत. ते डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणूनच ते फसवतात.

समजा, अशाच एका डोंगराकडच्या गावात आरोग्य समितीची बैठक भरली आहे. उपकेंद्रासाठी रबरी हातमोजे विकत घ्यायचे आहेत. समोर दोन डबे आहेत. एक स्वस्त, एक महाग.

एक आजोबा म्हणाले, "ताई, एवढे मोजे लागतातच कशाला? धुऊन पुन्हा वापरले तर काय बिघडतं? आम्ही पिशव्याबी धुऊन वापरतोच की!"

नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, पिशवीत आपण दाणे भरतो. मोज्याला रक्त आणि पू लागतो. एकाच्या जखमेचा पू पुसला आणि तोच मोजा धुऊन दुसऱ्याच्या जखमेला लावला, तर रोग कुणी नेऊन दिला? मीच! आणि उद्या ऊसतोडीत कोयता लागलेला माणूस आला, त्याचं रक्त माझ्या चिरलेल्या बोटाला लागलं, तर? ब आणि क प्रकारची कावीळ रक्तातून जाते. एच.आय.व्ही. सुद्धा रक्तातून जातो. मलाही घरी लेकरं आहेत."

आजोबा गप्प झाले.

मोजे कसे आले?

अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय आहे. तेथे कॅरोलिन हॅम्प्टन नावाच्या परिचारिका होत्या. शस्त्रक्रियेच्या आधी जंतू मारण्यासाठी कडक औषधात हात बुडवावे लागत. त्या औषधाने त्यांच्या हातांची आग होई व कातडी सोलून निघे. तेव्हा डॉक्टर विल्यम हॉलस्टेड यांनी एका कारखान्याकडून त्यांच्यासाठी पातळ रबराचे मोजे करवून घेतले. ही गोष्ट १८८९-९० च्या सुमाराची. पुढे कळले की, मोज्यांमुळे रोग्याचेही रक्षण होते.

पूर्वीचे मोजे जाड असत. ते धुऊन, वाफवून पुन्हा वापरीत. आजचे तपासणीचे मोजे पातळ असतात. ते एकदाच वापरण्यासाठी केलेले असतात. धुतल्याने त्यांचे रबर कमजोर होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांतून पाणी आणि त्याबरोबर जंतू आत शिरतात.

डबा कसा पारखावा?

नर्सबाईंनी दोन्ही डबे हातात घेतले. त्या म्हणाल्या, "आधी वाचू या." डब्यावरची अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. ती वाचता येत नसतील, तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्यावीत. त्यात लाज नाही.

डब्यावर करणाऱ्याचे नाव, तयार केल्याची तारीख आणि मुदत पाहावी. तपासणीच्या मोज्यांसाठी भारतीय मानक १५३५४ आहे. तो क्रमांक आहे का, तेही पाहावे. नग मोजावेत. '१००' लिहिले असेल तर १०० मोजे, म्हणजे ५० जोड्या. भाव ठरवताना हा हिशेब विसरू नये.

मोजे लॅटेक्सचे, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराचे असतात. काहींच्या अंगाला ते सोसत नाहीत. खाज सुटते, धाप लागते. अशांसाठी नायट्राइलचे मोजे घ्यावेत. पावडर लावलेले मोजे टाळावेत. अमेरिकेने २०१७ साली त्यांवर बंदी घातली.

मोजा मापाचा हवा. सैल मोजा घसरतो, घट्ट मोजा फाटतो.

मग नर्सबाईंनी प्रत्येक डब्यातला एकेक मोजा काढला. त्यांत एकेक लिटर पाणी भरले, तोंड आवळले आणि दोन मिनिटे टांगून ठेवले. स्वस्त मोज्याच्या दोन बोटांच्या बेचक्यातून थेंब गळू लागला. त्या डब्यावर ना नाव होते, ना तारीख.

आजोबा म्हणाले, "मोट फाटकी असली, तर बैलानं किती का ओढंना, पाणी वर येत न्हाई!"

नर्सबाई म्हणाल्या, "खरं आहे. पण महाग तेच चांगलं असंही नाही. वाचून आणि पाणी भरून ठरवायचं." भिजवलेले दोन्ही मोजे त्यांनी टाकून दिले. समितीने दुसरा डबा घेतला.

मोजे असले तरी

चांगल्या डब्यातही एखादा मोजा भोकाचा निघतो. म्हणून मोजे घालण्यापूर्वी आणि काढल्यावर साबणाने हात धुवावेत. सुई मोज्यातून आरपार जाते. सुईपासून मोजा वाचवीत नाही. भेगांना खोबरेल किंवा व्हॅसलीन लावून लॅटेक्सचा मोजा घालू नये. तेलाने ते रबर सैल पडते. डबा उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नये.

बाळंतपणासाठी हे मोजे चालत नाहीत. त्यासाठी बंद पाकिटातले निर्जंतुक मोजे लागतात. उलट, पोलिओचे थेंब पाजायला किंवा गोळ्या द्यायला मोजे लागत नाहीत.

मोजा काढताना मनगटाजवळ बाहेरून धरून उलटा करीत काढावा. दुसऱ्या मोज्यात आतून बोट घालून तोही उलटा करावा. दवाखान्यात वापरलेले मोजे लाल पिशवीत टाकावेत, असा २०१६ चा नियम आहे.

ध्यानात ठेवा

एक रोगी, एक जोडी. मोजा घातला तरी हात धुवायचेच.

प्रश्न

१. वापरलेला मोजा धुऊन पुन्हा का घालू नये?
२. १०० नगांच्या डब्यात किती जोड्या असतात? रोज १० रोगी तपासले, तर डबा किती दिवस पुरेल?
३. मोजा नर्सबाईंचे रक्षण करतो की रोग्याचे?
४. तुमच्या घरातल्या औषधाच्या पाकिटावरची मुदत शोधा. ती वाचून वहीत लिहा.