घरातला डीएनएस आणि बाबांचा मोबाईल

मागच्या दिवाळीत सुट्टीवर घरी गेलो तेव्हा धानाची मळणी चालू होती. आमचं गाव आमगाव तालुक्यात. रात्री जेवणं झाली की बाबा छपरीत बसून मोबाईलवर झाडीपट्टीची नाटकं बघतात. एका रात्री त्यांनी मला हाक मारली, "हे कर्जवाले माह्या मागं काहून लागले गा?"

झालं असं होतं की कापणी-मळणीच्या मजुरीला नगद पैसा लागतो आणि धानाचे चुकारे नंतर येतात. म्हणून बाबांनी एकदा कर्जाची माहिती शोधली. तेव्हापासून हवामान बघा की बातम्या, "पाच मिनिटांत पैसे" हीच जाहिरात. एका अॅपमध्ये तर त्यांनी पॅन नंबरसुद्धा टाकला होता. अॅपने फोनमधले सगळे नंबर वाचायची परवानगी मागितली, तिथे ते थांबले. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या गटाचा नोव्हेंबर २०२१ चा अहवाल आहे. त्यांना कर्ज देणारी सुमारे ११०० अॅप्स सापडली, त्यातली सुमारे ६०० बेकायदेशीर होती. बाबांचं अॅप कोणत्या गटातलं, हे बघत बसायला मला वेळ नव्हता.

आता मुद्द्याचं. हवामानाच्या अॅपला बाबांचं कर्ज कसं कळलं? कळलं नाही. त्या अॅपच्या आत जाहिरात कंपनीचा कोड बसलेला असतो, तसाच तो दुसऱ्या शंभर ठिकाणी असतो. तो फोनची ओळख आपल्या सर्व्हरला कळवत राहतो. यालाच ट्रॅकर म्हणतात. पण कळवण्याआधी त्याला सर्व्हरचा पत्ता लागतो आणि पत्ता मिळतो डीएनएसकडून. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी ही पद्धत मांडली. त्याआधी सगळ्या नेटवर्कची नावं आणि पत्ते एकाच फाईलमध्ये लिहिलेले असत! तिची आठवण म्हणून आजही आपल्या लॅपटॉपमध्ये होस्ट्स नावाची फाईल असते.

म्हणजे घरातल्या सगळ्या फोनचे पत्त्याचे प्रश्न आपणच घ्यायचे. प्रश्न बरा असेल तर खरा पत्ता द्यायचा, ट्रॅकरचा असेल तर ०.०.०.० असं उत्तर द्यायचं. शून्याच्या पत्त्यावर कोण जाणार? पाय-होल हे मोफत सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. माझ्याकडे प्रोजेक्टसाठी घेतलेला रास्पबेरी पाय ३ पडून होता. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकूनही चालतं. पायला एक कायमचा पत्ता दिला आणि राऊटरमध्ये डीएनएस म्हणून तोच लिहिला.

अर्ध्या तासाचं काम, त्यात दोन दिवस गेले. एक तर मी शहाणपणा करून दुसरा डीएनएस म्हणून बाहेरचा पत्ता टाकून ठेवला, पाय बंद पडला तर असावा म्हणून. फोन दुसऱ्याला फक्त अडचणीतच विचारतात असा माझा समज होता. ते मनाला येईल त्याला विचारतात. दुसरं म्हणजे राऊटर आयपीव्ही६ वर स्वतःचाच डीएनएस वाटत होता, तो बंद करेपर्यंत जाहिराती तशाच. मग मायच्या मोबाईलवर एका दुकानाच्या मेसेजमधली लिंक उघडेना, कारण ती आधी ट्रॅकरकडून फिरून जात होती. तिला सूट दिली. नाटकांमधल्या जाहिराती मात्र गेल्याच नाहीत. यूट्यूब व्हिडिओ आणि जाहिरात एकाच नावाच्या सर्व्हरवरून देतं, नाव अडवलं तर नाटकही बंद. बाबा म्हणाले, राहू दे.

तिसऱ्या दिवशी मी लॉग उघडला. कोणत्या फोनने किती वाजता कोणतं नाव विचारलं, ते सगळं त्यात ओळीने असतं. मला मजा वाटत होती. रात्री पावणेदोनला बाबांच्या फोनने त्याच कर्जाच्या अॅपचं नाव विचारलेलं दिसलं. अॅप आपणहून विचारतं की माणूस जागा आहे, हे लॉग सांगत नाही. सकाळी मी बाबांनाच विचारलं. ते बोरे शिवत होते. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तू माहा फोन पाहत होता का?"

फोनला मी हातसुद्धा लावला नव्हता. पण नाही म्हणता आलं नाही. जे काम ट्रॅकर करतो तेच मी घरात बसून केलं होतं, तेही न सांगता. मग सगळं समजावून सांगितलं. झोप लागत नव्हती म्हणून अॅप उघडलं होतं, असं त्यांनी कबूल केलं. दोघांनी मिळून ते काढून टाकलं. मजुरीचे पैसे काकांकडून आणले, ते मला आधी सुचायला हवं होतं.

पाय-होलमध्ये गोपनीयतेच्या ० ते ३ अशा पातळ्या आहेत. मी ३ ठेवली. आता एकूण किती अडवले एवढाच आकडा दिसतो, कोणी काय विचारलं ते दिसत नाही. लिंक अडली तर शोधायला त्रास होतो, पण तो मी घेतो.

होस्टेलवाल्यांना एक विनंती. पाय-होलमधला डीएचसीपी होस्टेलच्या नेटवर्कवर चालू करू नका, अख्ख्या मजल्याचं नेट बंद पडेल आणि वॉर्डन सर तुम्हालाच शोधतील. अँड्रॉइडमध्ये प्रायव्हेट डीएनएस नावाची सेटिंग आहे, तिथे जाहिराती अडवणाऱ्या एखाद्या सेवेचं नाव टाकता येतं. मात्र मग तुमचा सगळा लॉग त्या सेवेच्या हाती जातो, आणि तिथे पातळी ३ ठेवली की नाही हे तुम्हाला बघता येत नाही.

आमची डबी सध्या टीव्हीच्या मागे आहे. उन्हाळ्यात लाईट फार जाते आणि अचानक बंद झालं की एसडी कार्ड खराब होतं. पुढच्या सुट्टीत जाताना एक जास्तीचं कार्ड भरून न्यायचं आहे.