सही मुलाची, मर्जी वडिलांची

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे आहेत. बँकेची कामं आणि पुण्यातला फ्लॅट यांसाठी ते माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देणार आहेत. ते ‘जनरल’ करावं की ‘स्पेशल’? आणि एकदा ते झालं की मृत्युपत्र करायला नको ना? मला एक बहीण आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : मृत्युपत्राचं आधी सांगतो : करायला हवं. मुखत्यारपत्र चालतं ते देणारा हयात आणि भानावर असेपर्यंतच. वडिलांच्या पश्चात त्या कागदावर खात्यातून एक रुपयाही काढता येत नाही. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुमच्याइतकाच हक्क बहिणीचा आणि आई असल्यास तिचाही.

करार कायद्याच्या (१८७२) कलम २०१ नुसार मनोविकलतेनेही मुखत्यारी संपते. म्हणजे स्मृतिभ्रंशाने वडिलांना व्यवहार कळेनासे झाले, की ऐन गरजेच्या वेळी कागद निकामी. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने अशा अवस्थेतही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे ती सोय नाही. न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो.

आता प्रकार. ‘जनरल’मध्ये भाडं, कर, सोसायटी, कोर्टकचेरी असा अनेक कामांचा अधिकार असतो. ‘स्पेशल’ एका ठरलेल्या कामापुरतं. काम झालं की संपलं. तुम्ही दोन कागद करा : रोजच्या कामांना जनरल, फ्लॅट विकायचाच असेल तर त्यापुरतं स्पेशल. बँकेचा बहुधा स्वतःचा नमुना असतो, तो आधी मागून घ्या.

विक्रीच्या कागदात ‘सर्व व्यवहार करणे’ एवढं मोघम चालणार नाही. फ्लॅटचं वर्णन, ‘विक्री करणे, मोबदला स्वीकारणे, खरेदीखतावर सही करून ते दुय्यम निबंधकांसमोर नोंदवणे’ असं स्पष्ट लिहा आणि दस्त नोंदवून घ्या. आलेले पैसे मात्र वडिलांचेच. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ‘सूरज लॅम्प’ खटल्यात स्पष्ट केलं आहे.

‘रद्द न होणारं’ असं नुसतं लिहून कागद तसा होत नाही. त्या मिळकतीत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असावा लागतो. तुमच्या बाबतीत तसं नाही. तेव्हा वडिलांचं मन बदललं तर ते कधीही रद्द करू शकतात. मात्र तसं तुम्हाला आणि बँकेला लेखी कळवायला हवं. नाहीतर रद्द झालेल्या कागदावरही व्यवहार होऊन बसतात.