खारीचा रंग : एक निरीक्षणपाठ

कडुनिंबाच्या खोडावर सरसर चढणारी खार आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या पाठीवर पट्टे किती, असे विचारल्यास पुष्कळ जण ‘तीन’ असे उत्तर देतात. तीन बोटे फिरल्याची लोककथा कानी पडलेली असते. मोजून मात्र क्वचितच कोणी पाहिलेले असते.

भारतात पट्टेरी खारींच्या दोन जाती विशेष परिचित आहेत. तीनपट्टी खार मुख्यतः दक्षिणेकडे आढळते. पाचपट्टी खार उत्तर व मध्य भारतात आढळते आणि आपल्या वऱ्हाडातही दिसते. तिच्या पाठीवरील तीन पट्टे ठळक असतात. दोन्ही कुशींवरील एकेक पट्टा फिकट असल्याने नजरेतून निसटतो.

येथे पट्ट्यांवरून जात ओळखता येते. रंगावरून ती ओळखता येईलच असे नाही. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू ही मोठी खारच होय. तिच्यासाठी पुणे जिल्ह्यात १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले. आपल्या शेजारच्या मेळघाटातही ती आढळते. भीमाशंकरचा शेकरू तांबूस असतो, तर दक्षिणेतील काही जंगलांत त्याच्या अंगावर काळा रंगही ठळक असतो. तथापि जात एकच.

याहून बोलके उदाहरण उत्तर अमेरिकेतील करड्या खारीचे आहे. तिच्या एकेका केसावर काळ्या, पिवळसर व पांढऱ्या छटा असतात. त्या एकत्र दिसल्याने अंग करडे भासते. एका जनुकातील लहानशा बदलामुळे काही खारी पूर्ण काळ्या जन्मतात. एकाच मातेच्या एकाच वेताला करडी व काळी पिल्ले असू शकतात. क्वचित पांढरी खारही दिसते. रंगद्रव्य मुळीच तयार झाले नाही, तर तिचे डोळेही लालसर असतात. या सर्व खारी एकमेकींच्या सोयऱ्याच. रंगाने त्यांच्यात भिंत उभी राहत नाही.

केवळ बाह्य रूपावरून घाईने वर्गवारी करणे हा निसर्गाच्या अभ्यासातील मोठा दोष आहे. कोणता भेद मूलगामी आणि कोणता वरवरचा, हे ऐकीव माहितीने ठरत नाही. ते तपासूनच ठरवावे लागते. पालकांनी आपल्या पाल्यासह एखाद्या सकाळी अंगणातील खारीचे पट्टे अवश्य मोजावेत. उत्तर तीन येवो वा पाच, ते स्वतः पाहून मिळवलेले असेल.