हरायचंच असेल तर रिंगमध्ये

सौदीतल्या जुबैलला आमच्या कंपाउंडमध्ये शुक्रवारी ऊन उतरलं की मी सात-आठ मुलांना बॉक्सिंग शिकवतो. दोरीवरच्या उड्या, फूटवर्क आणि पार्किंगच्या छताला टांगलेली एक बॅग, एवढाच पसारा. नोकरी पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये मेंटेनन्सची. बॉक्सिंग केलं ते पुण्यात, कॉलेजच्या वयात. गेल्या वर्षी या मुलांमधली एक पंधरा वर्षांची मुलगी हाताच्या पट्ट्या सोडता सोडता म्हणाली, "काका, ऑलिम्पिकला जायचं तर सुरुवात कुठून करायची?" मला धड उत्तर देता आलं नाही. ते शोधताना जे उमगत गेलं, ते इथे मांडतो आहे.

१. सगळ्यात आधी पासपोर्ट लागतो, मग ठोसा. ही मुलगी जन्मली जुबैलला, बकालावाल्याशी, म्हणजे इथल्या किराणावाल्याशी, अरबीत बोलते, पण पासपोर्ट भारताचा. ऑलिम्पिकमध्ये ज्या देशाचं नागरिकत्व त्याच देशाकडून खेळता येतं, म्हणजे तिची वाट भारतातूनच जाणार: जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धा, मग शिबिर. प्रत्येक चाचणीला दम्मामहून विमान आणि शाळेची रजा. मला हा तिच्यावर अन्याय वाटायचा. मग मराठवाड्यातून रात्रीच्या एसटीने चाचणीला येणारी, स्टँडवरच तोंड धुणारी मुलं आठवली. हिचे वडील तिकीट तरी काढू शकतात. कोणाची अडचण मोठी, हे ठरवणं मी सोडून दिलं.

२. पराभव विसरता येतो, न झालेली लढत विसरता येत नाही. १९९४ मध्ये मी ४८ किलोत खेळायचो. एका निवड चाचणीसाठी दोन दिवस पाणी तोडलं होतं. गुळण्या करून थुंकायचो, स्वेटरवर रेनकोट चढवून पळायचो. सकाळी सातला पोहोचलो, काट्यावर उभा राहिलो, वजन बरोबर भरलं. तेवढ्यात टेबलामागचे गृहस्थ म्हणाले की या गटातलं नाव कालच पाठवलं. लढत झालीच नाही. बाहेर येऊन नळाला तोंड लावून पाणी प्यालो, त्या पाण्याची चव मला आजही आठवते. त्या गटातला दुसरा मुलगा माझ्यापेक्षा सरस असेलही. मला ते कधी कळलं नाही, आणि त्यालाही नाही.

३. नियम केव्हा लिहिला, हे तो काय आहे याच्याइतकंच महत्त्वाचं असतं. २०१९ च्या ऑक्टोबरात मेरी कोमनं जागतिक स्पर्धेत ५१ किलोत ब्राँझ जिंकलं, आणि ऑलिम्पिक पात्रतेसाठी तिला थेट पाठवायचं असं बोललं जाऊ लागलं. चाचणीतून सूट सुवर्ण आणि रौप्यवाल्यांनाच, असं आधी ठरलेलं होतं. निखत झरीननं क्रीडामंत्र्यांना पत्र लिहून चाचणी मागितली. मी तेव्हा पूर्णपणे मेरीच्या बाजूचा. सहा वेळा जगज्जेती झालेल्या बाईची कसली चाचणी घेता, असं मी मेसमध्ये जेवताना तावातावानं बोललो होतो. २८ डिसेंबरला दिल्लीत ती लढत झाली. मेरी ९-१ अशी जिंकली, आणि मार्चमध्ये शेजारच्या जॉर्डनमध्ये, अम्मानला, तिनं टोकियोची जागाही मिळवली. म्हणजे मी बरोबर ठरलो? बरेच दिवस तसंच वाटत होतं. मग एकदा रात्रपाळीत टेबलामागचे ते गृहस्थ आठवले. निखतनं जे मागितलं तेच मला १९९४ मध्ये हवं होतं, फक्त मला मागता आलं नव्हतं. ती हरली, पण रिंगमध्ये हरली. पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये ती जगज्जेती झाली. ते झालं नसतं तरी तिची मागणी रास्तच होती.

४. माझा वजनी गट आता ऑलिम्पिकमध्ये नाही. लंडन आणि रिओला पुरुषांचे १० गट होते, टोकियोला ८ राहिले, पॅरिसला ७. सगळ्यात हलका, म्हणजे माझा, गट टोकियोपासून गेला. अमित पंघलनं २०१८ मध्ये ४९ किलोत, रिओच्या ऑलिम्पिक विजेत्याला हरवून एशियाडचं सुवर्ण जिंकलं होतं. त्याला वरच्या, ५२ च्या गटात जावं लागलं. तीन किलो म्हणजे वाचणाऱ्याला काहीच नाही, पण समोरच्याचा हात दोन बोटं लांब झाला की कळतं. गट गेल्याचं वाचून मला आपलं कोणी गेल्यासारखं वाटलं होतं. पण त्याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की लंडनला महिला बॉक्सर होत्या ३६, टोकियोला १००, आणि पॅरिसला १२४, पुरुषही तेवढेच. एकूण जागा वाढत नाहीत, उलट घटल्यात. माझ्यासारख्या बारक्या मुलाची जागा गेली आणि आमच्या पार्किंगमधल्या मुलीसाठी दार उघडलं. मला दोन्ही गोष्टी एकदम जाणवतात, आणि निवड करायची तर मी मुलीच्या बाजूनं आहे.

५. जग एक असलं तरी दारं सारखी नसतात. पॅरिससाठी आशियाची पात्रता होती हांगझोऊच्या एशियाडमध्ये. पुरुषांच्या प्रत्येक गटात जागा दोनच, आणि आपल्या खंडात उझबेकिस्तान, ज्यांनी पुढे पॅरिसला बॉक्सिंगची पाच सुवर्णं नेली. आपला निशांत देव २०२३ च्या जागतिक स्पर्धेतला ब्राँझविजेता. ती स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेशी ऑलिम्पिक समितीचं बिनसलेलं असल्यानं त्या पदकाचा पात्रतेला काडीचा उपयोग नव्हता. हांगझोऊला तो उपांत्यपूर्व फेरीत हरला, इटलीतल्या पात्रता स्पर्धेत एका लढतीनं हुकला, बँकॉकच्या स्पर्धेत अखेर जागा मिळाली. भांडण मोठ्यांचं, आणि दारोदार फिरला तो. तरी पूर्वी सगळं आलबेल होतं असंही नाही. १९८८ च्या सोलपर्यंत पात्रता स्पर्धाच नसायच्या. पुण्याचे मनोज पिंगळे त्या ऑलिम्पिकला खेळले. तिथे गर्दी एवढी की शेजारी-शेजारी दोन रिंग लावावी लागली. तेव्हा निवड व्हायची ती सगळी घरातच, म्हणजे पुन्हा ते टेबल आणि ते गृहस्थ.

६. आमंत्रणाच्या जागांबद्दल माझं मत बदललं. बॉक्सिंगमध्येही अशा थोड्या जागा लहान देशांसाठी राखलेल्या असतात. स्वतःच्या जोरावर पात्र ठरलेल्याचा हक्क त्यात मारला जातो, असं मी म्हणायचो. सौदीच्या मुली २०१२ मध्ये पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेल्या, त्या आमंत्रणावरच. बारा वर्षांनी, २०२४ मध्ये, दुनिया अबू तालिबनं तायक्वांदोत पात्रता स्पर्धा लढून जागा मिळवली. असं करणारी ती पहिली सौदी महिला. आमच्या प्लांटमधले सौदी सहकारी तिचा व्हिडिओ एकमेकांना दाखवत होते. २०१२ ची ती दोन आमंत्रणं नसती, तर हा व्हिडिओ कधी आला असता कोण जाणे.

७. नियम सगळ्यांना सारखा असूनही एखाद्यालाच चिरडू शकतो, हे मला कॅनडाच्या मँडी बुजोल्डनं शिकवलं. अकरा वेळा राष्ट्रीय विजेती. कोविडमुळे अमेरिका खंडाची पात्रता स्पर्धा रद्द झाली आणि जागा जुन्या क्रमवारीवर दिल्या गेल्या. क्रमवारीसाठी ज्या स्पर्धा धरल्या, त्या काळात ती गरोदर आणि नंतर ओली बाळंतीण होती, त्यामुळे गुण शून्य. ती क्रीडा लवादाकडे गेली आणि २०२१ च्या जूनअखेरीस जिंकली. टोकियोत ती पहिलीच लढत हरली. त्या पराभवाबद्दल तिला कोणाकडे तक्रार करावी लागली नाही.

ती मुलगी आता अकरावीसाठी पुण्याला आजीकडे गेली आहे. परवा फोनवर म्हणाली, "काका, चाचणी केव्हा आहे ते इथे कोणालाच नक्की सांगता येत नाही." माझी जिल्हा आणि राज्य पातळीवर खेळ चालवणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. चाचणीची तारीख, वजन घेण्याची वेळ आणि निवडीचे निकष महिनाभर आधी लेखी लावा. नोटीस बोर्डावर लावा, मोबाइलवरही टाका. आणि सकाळी सातला काट्यावर उभं राहिलेल्या पोराला लढत न देता परत पाठवू नका.