कंटाळा आला की खेळ थांबवा

'रॉक बँड २' हा २००८ साली आलेला वाद्यं वाजवण्याचा व्हिडिओ गेम. त्यातल्या एका बक्षिसाची अट अशी आहे : खेळातली सगळी ८४ गाणी एकापाठोपाठ वाजवायची, मध्ये एकदाही पॉज करायचं नाही आणि एकदाही हरायचं नाही. सहा तासांहून जास्त वेळ लागतो. बक्षिसाचं नाव 'ब्लॅडर ऑफ स्टील', म्हणजे पोलादी मूत्राशय. या अटीचा सरळ अर्थ एवढाच, की सहा तास शरीर काहीही सांगत असलं तरी ते ऐकायचं नाही. एखाद्या वेळी असं केल्याने धडधाकट तरुणाचं काही बिघडत नाही, हे आधीच सांगते. बिघडतं ते सवयीने. आणि प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर ट्रॉफ्या, म्हणजे अशी बक्षिसं, गोळा करणाऱ्या मुलांना ही सवय फार लवकर लागते.

आई-वडील मुलाला माझ्याकडे घेऊन येतात तेव्हा बहुतेक वेळा तासांची तक्रार असते. 'सुट्टीच्या दिवशी सकाळपासून बसतो, जेवायलाही उठत नाही.' तास महत्त्वाचे आहेतच, पण मी त्या मुलाला आधी दुसरंच विचारते : 'आत्ता जो भाग खेळतोयस, त्यात मजा येतेय का?' पुष्कळ मुलं थोडा विचार करून नाही म्हणतात. गोष्ट केव्हाच संपलेली असते, आवडते टप्पे खेळून झालेले असतात, उरलेल्या ट्रॉफ्यांसाठी तेच ते चाललेलं असतं. म्हणून आजचा सल्ला तासांपेक्षा कंटाळ्याबद्दल जास्त आहे. भूक, तहान, झोप यांच्यासारखाच कंटाळा हाही शरीराने दिलेला इशारा आहे. आता पुरे, उठ, दुसरं काहीतरी कर, असं तो सांगत असतो. ट्रॉफ्यांची यादी नेमका तोच इशारा ओलांडायला लावते.

ज्या पालकांनी कंट्रोलर कधी हातात धरलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. गुणांचा पाठलाग नवा नाही. १९८२ साली आलेल्या 'पिटफॉल'मध्ये २०,००० गुण झाले की टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून कंपनीला टपालाने पाठवायचा; मग घरी कापडी बिल्ला येई. बिल्ला आला की विषय तिथे संपायचा. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला आणि प्रत्येक खेळातले गुण एकाच खात्यात, कायमचे जमा होऊ लागले. दुकानात मिळणाऱ्या मोठ्या खेळाला साधारण १,००० गुण. एका अमेरिकन खेळाडूने मार्च २०१४ मध्ये दहा लाखांचा टप्पा गाठला, म्हणजे हजारभर खेळ पूर्ण पिळून काढावेत इतके गुण. प्लेस्टेशनवर २००८ मध्ये ट्रॉफ्या आल्या : ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, आणि खेळातल्या बाकी सगळ्या मिळाल्या की प्लॅटिनम. ती किती टक्के खेळाडूंना मिळाली हेही पडद्यावर दिसतं. मित्रांनाही दिसतं.

बहुतेक खेळांत पहिल्या एक-दोन ट्रॉफ्या फुकटात मिळाल्यासारख्या मिळतात. नुसता सराव संपवला तरी एक मिळते. यामागचं मानसशास्त्र २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात छान दिसतं. गाड्या धुण्याच्या एका केंद्रात ग्राहकांना शिक्क्यांची कार्डं दिली. काहींच्या कार्डावर आठ रिकामे चौकोन होते. काहींच्या कार्डावर दहा होते, पण त्यातल्या दोनांवर आधीच शिक्के मारलेले. दोघांनाही गाडी आठ वेळाच धुवून घ्यायची होती. कार्ड पूर्ण करणारे पहिल्या गटात १९ टक्के निघाले आणि दुसऱ्या गटात ३४ टक्के. सुरुवात झालीच आहे, असं वाटलं की माणसाला अर्ध्यावर सोडवत नाही. तुमचा मुलगा ८७ टक्क्यांवर आलेली यादी टाकून जेवायला उठत नाही, तो हट्टी आहे म्हणून नव्हे. सुशिक्षित, कमावती माणसंही अशीच वागतात.

या विषयात मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं नाव हटकून येतं. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९९८ साली व्हिडिओ गेम खेळणाऱ्या माणसांचे मेंदू तपासले, तेव्हा खेळताना डोपामिन वाढतं असं दिसलं. ते खरं आहे. पण आवडीचं गाणं ऐकतानाही मेंदूत डोपामिन वाढतं. तेवढ्यावरून मुलाला 'व्यसनी' म्हणू नका. तो शब्द एकदा घरात शिरला की मुलगा बोलायचाच थांबतो.

माझ्या मते यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा प्रयोग १९७३ सालचा आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्रं काढलीत तर सोनेरी शिक्क्याचं, फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच सांगितलं नाही, पण चित्रं काढून झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात चित्रांचं साहित्य समोर ठेवलं, तेव्हा बक्षिसाच्या आशेने चित्रं काढलेली मुलं बाकीच्या मुलांच्या मानाने निम्माच वेळ रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

खेळणाऱ्यांसाठी यात सरळ औषध आहे. नवा खेळ पहिल्यांदा खेळताना ट्रॉफ्यांची यादी उघडूच नका. गोष्ट संपेपर्यंत आपल्या मनाने खेळा. वाटेत ट्रॉफी मिळाली तर ती अचानक मिळालेल्या प्रशस्तिपत्रासारखी. आनंद देते, आवड मारत नाही. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ट्रॉफी मिळाल्याची सूचना बंद करता येते, ती बंद करा. गोष्ट संपली की यादी बघायला हरकत नाही. मग प्रत्येक ट्रॉफीपाशी स्वतःला विचारा : ही ट्रॉफी नसती, तर मी हे केलं असतं का? एखादा अवघड शत्रू हरवायची खुमखुमी असेल तर जरूर खेळा, त्यात कौशल्य आहे, धीर आहे. पण 'फायनल फँटसी टेन'च्या नव्या आवृत्तीतली एक ट्रॉफी बघा. सलग २०० वेळा वीज चुकवायची. पडदा क्षणभर पांढरा झाला की बटण दाबायचं. एक वीज अंगावर पडली की मोजणी पुन्हा शून्यावर. अंगठ्याच्या सांध्याला हे काम किती वेळा करायला लावायचं, याचा निर्णय तुम्ही घ्या, यादीला घेऊ देऊ नका.

अंगठ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तक्रारी सर्वात जास्त त्याच्याच. १९९० साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ३५ वर्षांच्या एका बाईंची नोंद आली. मुलाच्या निन्टेन्डोवर त्या सलग पाच तास खेळल्या आणि अंगठ्याची शीर धरून बसल्या. डॉक्टरांनी त्या दुखण्याला 'निन्टेन्डिनायटिस' असं नाव दिलं. अंगठा वर उचलणाऱ्या आणि बाजूला नेणाऱ्या कंडरा मनगटापाशी एका अरुंद आवरणातून जातात. तीच हालचाल हजारो वेळा झाली की ते आवरण सुजतं. घरी तपासून बघा : अंगठा तळहातावर दुमडून त्यावर मूठ मिटा आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाकडे जोराची कळ गेली, तर आवरण सुजलेलं असण्याची शक्यता मोठी. खेळ दोन आठवडे पूर्ण बंद ठेवा. दिवसातून दोन-तीन वेळा कापडात गुंडाळलेल्या बर्फाने शेका, अंगठा स्थिर ठेवणारा पट्टा वापरा. जोरजोरात चोळू नका, कुणाकडून ओढून घेऊ नका. वेदनाशामक गोळी घेऊन खेळत राहणं तर अजिबात नको; गोळी फक्त इशारा बंद करते. बोटांना मुंग्या येत असतील, हातातून वस्तू सुटत असतील किंवा दोन आठवड्यांत उतार नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

तळहातांवर लालसर, दुखऱ्या गाठी आल्या तर डॉक्टरांना कंट्रोलरबद्दल आवर्जून सांगा. जिनिव्हातल्या बारा वर्षांच्या एका मुलीला कंट्रोलर घट्ट धरून तासन्‌तास खेळल्यामुळे अशा गाठी आल्या होत्या. २००९ साली त्याची नोंद झाली. खेळ थांबवल्यावर गाठी गेल्या.

सर्वात गंभीर धोका मात्र पायात असतो, आणि त्याकडे कुणाचं लक्षच नसतं. न्यूझीलंडमध्ये ३१ वर्षांचा एक तरुण पलंगावर पाय लांब पसरून चार दिवस, रोज सुमारे आठ तास प्लेस्टेशन खेळला आणि त्याच्या पायातल्या मोठ्या नीलेत रक्ताची गुठळी झाली. २०१३ मध्ये ही केस प्रसिद्ध झाली. पोटरीचे स्नायू हलले की रक्त वर ढकललं जातं. पाय निश्चल राहिले की ते साकळतं. असं क्वचितच होतं, पण गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून दर तासाला उठाच. घरात एक फेरी मारा, पाणी प्या, लघवीला जा. एकच पाय सुजला, पोटरी गरम आणि दुखरी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.

लघवी तुंबवण्याबद्दलही बोलायला हवं, कारण मुलं हे लाजेने सांगत नाहीत. उठावं लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचं आणि जाग राहावी म्हणून एनर्जी ड्रिंक प्यायचं, ही जोडी वाईट. मुलींमध्ये यातून मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होऊ शकतो. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावरच लिहिलेलं असतं की ते लहान मुलांसाठी नाही. ते घरात आणूच नका. आणि तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप लागते. ठरावीक मुदतीत मिळणाऱ्या बक्षिसासाठी पहाटे दोनपर्यंत जागलेला मुलगा दुसऱ्या दिवशी चिडचिडा, विसराळू आणि भुकेला असतो. मग घरचे त्याच्या स्वभावाला दोष देतात.

आता पालकांशी थोडं. चालू खेळात प्लग ओढू नका. 'वुल्फेन्स्टाइन २'मध्ये सर्वात अवघड पातळीवर अख्खा खेळ एकाच जिवावर पूर्ण करायची ट्रॉफी आहे. एकदा मेलात की पहिल्यापासून. अशा वेळी वीज तोडली तर मुलगा संतापेल, आणि तो संताप आजाराचं लक्षण नव्हे. कित्येक तासांची मेहनत वाया गेली की कुणीही संतापेल. आधी विचारा, 'सेव्ह कधी होणार?' थांबण्याची जागा खेळातली ठरवा आणि त्याला घड्याळाची एक बाहेरची मर्यादा घाला. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स, दोन्हींवर रोजच्या वेळेची मर्यादा लावता येते. ती मुलाला सांगून, त्याच्यासमोर लावा, चोरून नको. आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपल्या घरांत दहावीचे टक्के हा जेवणाच्या ताटावरचा विषय असतो, आणि ९१ मिळाले तर बाकीचे ९ कुठे गेले असं विचारलं जातं. ट्रॉफी असं विचारत नाही. काय केलं की काय मिळेल, ते आधीच स्पष्ट सांगते आणि दिलेलं परत घेत नाही. तुमचं मूल त्या यादीकडे इतकं ओढलं जात असेल, तर त्याला शाबासकी आणखी कुठून मिळते हे जरा पाहा. मिळवलेल्या एखाद्या ट्रॉफीबद्दल त्याला विचारा आणि तो काय सांगतो ते शेवटपर्यंत ऐका.

आजार कधी म्हणायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकीच्या सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होतो आणि नुकसान दिसत असूनही तो सुटत नाही. या तिन्ही गोष्टी असतील, त्यामुळे शिक्षण, नोकरी, नाती खरोखर कोलमडत असतील आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असेल, तरच तो विकार. लक्षणं तीव्र असतील तर वर्षभर थांबायचं कारण नाही. नुसते पुष्कळ तास किंवा पुष्कळ प्लॅटिनम म्हणजे विकार नव्हे. पण खेळाच्या आड उदासी, भीती, शाळेतली छळवणूक किंवा लक्ष न लागण्याचा त्रास दडलेला असू शकतो, आणि तसं असेल तर कन्सोल कपाटात ठेवून काहीच सुटत नाही.

अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. 'टेली-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर केव्हाही, मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून गेमिंग आणि तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. जाताना मुलाला 'तुझं व्यसन सोडवायला नेतोय' असं सांगू नका. झोप आणि चिडचिड यांबद्दल बोलायला जातोय, एवढं पुरे. डॉक्टरांनी मुलाशी एकट्याने बोलायचं म्हटलं, तर उठून बाहेर बसा.